टिटवीची साक्ष

१

बार्शीटाकळीच्या शेषरावांनी सकाळी नर्सरीच्या शेडनेटचा पडदा वर केला आणि तिथेच थबकले. आदल्या सायंकाळपर्यंत हिरवीगार असलेली मिरचीची, वांग्याची, झेंडूची रोपं ट्रेमध्ये माना टाकून पडली होती. पानांच्या कडा विस्तवाने चाटल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या, आणि ट्रेमधल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, पांढरी खारी साय धरली होती.

त्यांची बायको जयवंता मागून आली. तिने चिमूटभर कोकोपीट जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं.

"खत हाय हे," ती म्हणाली. "पोतंभर ओतल्यावानी."

पण खत कोणी ओतलं नव्हतं. नर्सरीत रोपांना पाणी आणि खत देण्याचं काम गेल्या उन्हाळ्यापासून एक यंत्र करत होतं. अकोल्याच्या एका छोट्या कंपनीने ते बनवलं होतं, आणि त्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारी वर्षाली ही शेषरावांची सख्खी भाची. तिच्याच शब्दावर मामाने यंत्र बसवलं होतं.

दुपारपर्यंत यंत्रातल्या नोंदी कंपनीत आल्या. कंपनीतले सगळे जण 'टिटवी' नावाचा एडिटर वापरत. प्रोग्रॅम लिहायचा त्यातच, तपासायचाही त्यातच. त्यात एक डीबगर होता. प्रोग्रॅम पुन्हा चालवून 'खताचा पंप सुरू होईल तिथे थांब' असं त्याला सांगितलं, की तो बरोबर त्या ओळीवर थांबायचा आणि तिच्यासमोर पिवळा बाण दाखवायचा.

कंपनीचे मालक यशोधन, त्यांचे मुख्य प्रोग्रॅमर उद्धव, आणि यंत्रं बसवणारा सागर असे तिघं स्क्रीनपुढे उभे राहिले. बाण थांबला. समासात त्या ओळीच्या लेखकाचं नाव होतं.

वर्षाली.

२

"आमच्याकडे नीट चालतं."

हे उत्तर रागिणीने टिटवीच्या तक्रार-पानावर आजवर कित्येकांना दिलं होतं. टिटवी हा फुकट वाटला जाणारा एडिटर होता, गावोगावचे हौशी लोक मिळून तो सांभाळत, आणि त्याच्या डीबगरची जबाबदारी अमरावतीत बसून रागिणी वाहत असे. त्या दिवशी तक्रार आली ती अशी: 'तुमचा डीबगर खोटं बोलतो. माझी नोकरी चालली.'

रागिणीने इमानदारीत दोन दिवस घातले. कंपनी आपला प्रोग्रॅम बाहेर द्यायला तयार नव्हती, म्हणून तिने स्वतःच तसला प्रोग्रॅम लिहिला. लहान लिहिला, मोठा लिहिला, मुद्दाम वेडावाकडा लिहिला. बाण दर वेळी अगदी बरोबर ओळीवर. सोबतच्या हौशी लोकांना विचारलं, तर त्यांचंही तेच. कूलरमधलं पाणी संपलं, चहावर साय धरली, आणि बाण काही चुकेना. चुकणारी वस्तू सापडते तरी. न चुकणाऱ्या वस्तूतली चूक कशी शोधायची?

शेवटी तिने तक्रार करणारीला फोन लावला.

"हे पाहा, तुमच्या ओळीवर बाण येतो म्हणजे तुमची ओळच चालली असणार. डीबगरला कोणाशी वैर नसतं."

"मले काय ते समजत नाही का?" पलीकडून वर्षाली उसळली. "पण मॅडम, एक सांगा. बाण माझ्या ओळीवर हाय. त्याच ओळीत 'पाळी' नावाचा आकडा हाय. त्याच्यावर मी माऊस नेते, तं टिटवी म्हनते, 'असं नाव इथे नाही.' डोळ्यासमोर लिहून हाय अन् म्हनते नाही! उद्धव सर म्हनतात टिटवीची सवयच हाय. असी सवय असते काय?"

रागिणीचे वडील अमरावतीच्या कोर्टात वकिली करत. साक्षीदाराची दोन वाक्यं एकमेकांना छेद देऊ लागली की ते घरी येऊन खुशीत दुसरा कप चहा मागायचे. रागिणीला मात्र खुशी वाटली नाही, तिचं डोकंच फिरलं. दोन दिवस ती एकट्या बाणाच्या मागे लागली होती. हा साक्षीदार, म्हणजे टिटवी, आणखी काय सांगतो हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तुमी अमरावतीच्याच ना?" वर्षाली म्हणाली. "मंग या ना जी इकडे. शनिवारी मले राजीनामा द्याचा हाय."

३

मूर्तिजापूरमार्गे एसटीने रागिणी अकोल्यात उतरली तेव्हा रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. यशोधननी तिला केबिनमध्ये बसवून ताक दिलं. माणूस सभ्य होता आणि फार थकलेला.

"तुम्ही पाहा, लेखी द्या, आणि विषय संपवू," ते म्हणाले. "शेषराव तिचे मामा आहेत. लोक विचारतात, घरच्या पोरीनेच घात केला का? मी काय उत्तर देऊ?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? बाण सांगतो ना."

उद्धव दाराशी उभे होते. पन्नाशीचे, शांत, बोलण्यात नेटके. अख्खं यंत्र मुळात त्यांनीच उभं केलं होतं.

"पोरगी हुशार आहे, पण घाई करते," ते म्हणाले. "प्रोग्रॅमचे मुख्य भाग दोन. टाकीत खत किती घालायचं ते माझा भाग पाहतो. ते पाणी रोपांना सोडायच्या दिवसाच्या पाळ्या तिचा भाग पाहतो. तिच्या पाळीने खत पुन्हा पुन्हा सोडलं. टाकीतला फ्लोट अडकला तरी तिच्या भागाने ते धरायला हवं होतं, असं मी म्हणेन."

रागिणीने मान हलवली आणि सागरला गाठलं. तो जिन्यात पाइपांची बंडलं लावत होता.

"मी काय सांगू ताई? मी गेलो, थोडी साफसफाई केली, नोंदी घेतल्या अन् आलो. जे दिसलं ते सरले सांगतलं. मंग बाण वर्षालीवर आला, तं कोणी मले काही विचारलंच नाही."

"साफसफाई कसली?"

तेवढ्यात आतून आरडाओरडा ऐकू आला आणि दोघं धावले.

वर्षाली स्क्रीनसमोर उभी होती, डोळे लाल. बाजूला उद्धव.

"मी एवढंच म्हणालो की तिच्या टिपा आता काढून टाकू," उद्धव म्हणाले. "नवीन माणसाला त्रास नको."

ती फाइल रागिणी पहिल्यांदाच पाहत होती, आणि पाहून तिला नवल वाटलं. प्रोग्रॅमच्या ओळी इंग्रजी अक्षरांत होत्या, पण वरपासून खालपर्यंत, प्रत्येक भागाच्या डोक्यावर, मराठीत टिपा होत्या. 'टाकी रिकामी हाय का आधी पाहून घेजो.' 'इथं हात लावशीन तं सागरले सांगून लावजो.' उद्धवच्या भागावरसुद्धा अशाच.

"सागरले अन् गावातल्या लोकाईले वाचता आलं पायजे म्हनून लिहिल्या होत्या," वर्षाली म्हणाली. "याच हंगामात लिहिल्या. नको ना? मंग घ्या! माझं एक अक्षरबी नको तुमच्या फाइलीत!"

आणि ती वरून एकेक टीप खोडत सुटली. टिपा म्हणजे माणसांसाठीचे शब्द. यंत्र त्यांना ओलांडून पुढे जातं. त्या ठेवल्या काय, काढल्या काय, प्रोग्रॅमला फरक पडत नाही. रागिणीने तिला थांबवलं नाही. कंटाळून, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, तिने डीबगर पुन्हा चालवला.

बाण हलला होता.

४

"कोणी काही शिवू नका," रागिणी म्हणाली.

बाण वर सरकला होता, वर्षालीच्या भागातून निघून तिच्या भागाच्या सीमेवरच्या रिकाम्या ओळीवर येऊन थांबला होता. रिकाम्या ओळीवर! तिथे चालण्यासारखं काहीच नव्हतं.

"आता आणखी एक टीप खोड. फक्त एक."

वर्षालीने खोडली. पुन्हा चालवलं. बाण आणखी वर.

रागिणीने कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस! दोन दिवस तिने शेकडो ओळींचे प्रोग्रॅम लिहिले होते आणि त्यातली प्रत्येक टीप इंग्रजीत लिहिली होती. सवय म्हणून. मातृभाषेत एक ओळ टाकली असती, तरी पहिल्या तासातच बाण चुकला असता.

"यशोधनसाहेबांना बोलवा," ती म्हणाली. "आणि सगळ्या टिपा होत्या तशा परत आणा."

यशोधन आले. टिपा परत आल्या, आणि बाणही मुकाट्याने वर्षालीच्या ओळीवर परत आला.

"हा काय खेळ आहे?" उद्धव म्हणाले. "तुम्ही तिच्या बाजूने आला आहात. साक्षीदाराला पढवताय."

"मग मी हात लावत नाही. यशोधनसाहेब, तुम्ही बसा इथे. फाइलीच्या अगदी वर, पहिल्या ओळीत, मराठीत मनाला येईल ते लिहा."

"काय लिहू?"

"काहीही. जेवणात काय होतं ते लिहा."

यशोधननी नाइलाजाने लिहिलं: 'आज डब्यात भरीत आणि कळण्याची भाकर होती, पण भूक नव्हती.' चालवलं. बाण वर्षालीच्या ओळीवरून तीन ओळी खाली घसरला.

"अजून लिहा."

त्यांनी पुढे उन्हाबद्दल लिहिलं, मग लिहायला काही उरलं नाही म्हणून घरातल्या माणसांची नावं लिहिली. बाण खाली खाली जात राहिला. वर्षालीचा भाग संपला. फाइलीच्या शेवटी यशोधननी स्वतः सुरुवातीच्या काळात लिहिलेला भाग होता, यंत्रावरचा हिरवा दिवा लावणारा. बाण त्या भागात शिरला आणि थांबला. समासात नाव उमटलं: यशोधन.

"आता रोपं तुम्ही जाळलीत," रागिणी म्हणाली.

मग यशोधन हळूच म्हणाले, "हे कसं होतं?"

"एखाद्या गल्लीत एक जण खोल्या मोजतो आणि दुसरा घरं मोजतो असं समजा. पहिला सांगतो, 'नव्वद सोडून पुढचं.' दुसरा नव्वद घरं सोडून पुढे जातो, आणि भलत्याच्याच दारावर थाप मारतो. संगणक इंग्रजी अक्षर एका खोलीत ठेवतो. देवनागरी अक्षराला तीन खोल्या लागतात. आमचा डीबगर खोल्या मोजतो आणि एडिटर अक्षरं मोजतो. सगळं इंग्रजीत असेल, तर खोल्या आणि अक्षरं सारखीच, काही बिघडत नाही. वर मराठी आलं, की जितकं मराठी तितका बाण खाली घसरतो. चूक टिटवीची आहे, म्हणजे आमची आहे. आणि म्हणूनच 'पाळी' हे नाव टिटवीला सापडत नव्हतं. प्रोग्रॅम त्या ओळीवर नव्हताच. टिटवी आत खरं सांगत होती, फक्त बोट चुकीकडे दाखवत होती."

"म्हंजे ओळ माझी नव्हती," वर्षाली म्हणाली.

"नव्हती."

"मंग कोनाची?"

५

रागिणीने डीबगरची ती जागा दुरुस्त केली. खोल्यांचा आकडा एडिटरला देण्याआधी त्याची अक्षरं करायची, एवढंच काम. हाताला फार वेळ लागला नाही. मग फाइल होती तशी उघडली, मराठी टिपांसकट, यशोधनच्या भरीत-भाकरीसकट, आणि चालवलं.

बाण वर गेला आणि टाकीच्या भागात थांबला. 'टाकी रिकामी असेल, तर खताचा एक डोस घाल.' समासात उद्धवचं नाव होतं.

"ओळ बरोबरच आहे," उद्धव म्हणाले. आवाज कोरडा होता. "टाकी रिकामी झाली की पाणी आपोआप भरतं, आणि आपण खत घालतो. यात चूक काय?"

"यात काहीच नाही. पण टाकी रिकामी आहे हे सांगतं कोण?"

"फ्लोट," सागर म्हणाला. "पान्यावर तरंगनारा गोळा. खाली गेला म्हंजे टाकी रिकामी."

"आणि तो खालीच अडकला तर?"

सागरचा चेहरा बदलला. "शेवाळात अडकला होता ना जी. तेच तं मी साफ केलं त्या दिवशी. टाकी गच्च भरून अन् गोळा तळाले."

"म्हणजे भरल्या टाकीला यंत्र रिकामी समजत राहिलं आणि डोसावर डोस घालत राहिलं. हे तू कोणाला सांगितलंस?"

"उद्धव सरले. तिथूनच फोन केला."

रागिणी उद्धवकडे वळली. "मघाशी तुम्ही मला म्हणालात, फ्लोट अडकला तरी वर्षालीच्या भागाने ते धरायला हवं होतं. तोवर या ऑफिसात फ्लोटचं नाव कोणी काढलं नव्हतं. यशोधनसाहेबांनी नाही, वर्षालीने नाही. बाण पाळीवर होता, फ्लोट आला कुठून?"

उद्धव खुर्चीवर बसले.

"आणि असलं यंत्र कोणीही आंधळं सोडत नाही," रागिणी पुढे म्हणाली. "एकाच पाळीसाठी दुसऱ्यांदा डोस मागितला तर थांब, अशी अट असायला हवी. इथे ती नाही. काढलेल्या ओळीला समासात नाव नसतं, म्हणून ती कोणाला दिसली नाही. जुन्या आवृत्त्या उघडू का?"

"नका उघडू," उद्धव म्हणाले. "मीच काढली. त्या अटीमुळे यंत्र उगाच थांबायचं, शिट्टी वाजायची, लोकांचे फोन यायचे. यशोधन रोज म्हणायचे, काहीतरी करा. सागरचा फोन आला तेव्हा मला सगळं कळलं. सांगायलाच निघालो होतो. मग बाण तिच्यावर आला." ते वर्षालीकडे पाहत नव्हते. "मला वाटलं, कदाचित तिचंच असेल. असं वाटून घेणं सोपं गेलं."

"सर," वर्षाली म्हणाली, "तुमी मले शिकोलं."



यशोधन टेबलावरचे कागद उगाच सारखे करत म्हणाले, "बरं. झालं ते झालं. आपण हे आपल्यात ठेवू, उद्धवना सुट्टीवर..."

"साहेब," रागिणी चिडून म्हणाली, "ती अट नसलेला प्रोग्रॅम अजून कुठे कुठे चालू आहे?"

यशोधनचे हात थांबले. सागरने आधीच खिशातून फोन काढला होता.

६

तीन नर्सऱ्यांत सगळं ठीक होतं. चौथा फोन पातूरला लागला. तिथे जमुनाबाई फुलझाडांची रोपं करत.

"जमुनाकाकू, सागर बोलतो. खताचा पंप कसा हाय?"

फोन स्पीकरवर होता. "सकाळपासून घुरघुरून राहिला बाप्पा. थांबते, अन् पुन्हा घुरघुरते. मी म्हटलं नवा हाय, करत असन आवाज."

"बटन बंद करा! आत्ता! अन् टाकीतलं पानी रोपाले सोडू नका."

"अरे पन पाचची पाळी..."

"सोडू नका काकू! हात जोडतो!"

पलीकडे चपला फटफटल्या, एक खटका वाजला, आणि ती घुरघुर थांबली. पाचच्या पाळीला अजून अवकाश होता. टाकीत विष तयार होतं, पण रोपांपर्यंत पोचलं नव्हतं.

वर्षालीने शनिवारी राजीनामा दिला असता आणि विषय संपला असता, तर त्या संध्याकाळी पातूरची रोपं गेली असती. यशोधननी 'आपल्यात ठेवू' हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. उरलेल्या सगळ्या यंत्रांत अट परत घालायला त्यांनी उद्धवना स्वतःशेजारी बसवलं, आणि ते झालं की बार्शीटाकळीला जाऊन शेषरावांना काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असंही बजावलं. मग ते वर्षालीशी बोलायला गेले. "उद्यापासून ये," एवढंच म्हणाले.

"पाहीन," वर्षाली म्हणाली.

रागिणी अजूनही धुमसत होती. मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये टिपा लिहिणारे आणखी किती जण चुकीच्या ओळीकडे पाहून आपलं डोकं फोडत असतील? आणि त्यातल्या कितीजणांना तिने 'आमच्याकडे नीट चालतं' असं उत्तर दिलं असेल? दुरुस्ती तिने तिथूनच सगळ्यांसाठी पाठवून दिली. मन तरी हलकं झालं नाही.

"मामाकडे जाऊन आलीस?" तिने विचारलं.

वर्षालीने मान खाली घातली. "कोन्या तोंडानं जाऊ? मामी भल्ली तापट हाय. फोन येते तिचा, मी उचलत नाही."

"आता तर निर्दोष आहेस."

"आता अजूनच भेव वाटते."

सागरने गाडी काढली. रागिणीलाही ती रोपं पाहायची होती, म्हणून तीही बसली. उन्हं कलताना ते पोचले. जळालेले ट्रे एका बाजूला रचले होते. जयवंता शेडनेटखाली उकिडवी बसून नव्या ट्रेमध्ये बोटाने खळगे करत होती. शेषराव मागून बियाणं टाकत होते. त्यांनी भाचीला पाहिलं आणि बायकोकडे पाहिलं.

वर्षाली धावत सुटल्यासारखी भराभर बोलू लागली. बाण, टिपा, फ्लोट, काढलेली अट, सगळं एका दमात. मामा ऐकत राहिले. जयवंताचं बोट ट्रेमधून फिरतच होतं.

"मामी, मी नाही केलं हे," वर्षाली शेवटी म्हणाली.

"हे सांगाले आली काय तू?" जयवंता म्हणाली. "तू नाही केलं हे मले काय मशीन सांगन? ल्हानपनी कोंबडीचं पिल्लू मेलं तं दोन दिवस जेवली नव्हती तू."

"मंग तुमी रागावल्या काहून?"

"रोपं गेली तं मानूस भेटाले येते. गावातले सारे येऊन बसले. बाहेरचे आले. माझ्या घरची पोरगी अकोल्यात बसून राहिली अन् फोनबी उचलत नाही." जयवंताने पदराने तोंड पुसलं. "रोपाचं काय, ते पुन्हा येते."

वर्षाली रडू लागली. जयवंताने तिला उगी केलं नाही. हाताशी असलेला एक रिकामा ट्रे तिने पुढे सरकवला आणि बाजूला जागा केली.

"बस," ती म्हणाली. "अंधार व्हायच्या आत मिरची लावनं हाय."

वर्षाली बसली. थोड्या वेळाने रागिणीनेही बाह्या वर केल्या.